कॉर्टिसॉल वाढलंय म्हणजे मेंदू झिजतोय का?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात मानेवाड्याकडे राहणाऱ्या एका शिक्षिका ताईंचे मिस्टर, वय ४६, औष्णिक वीज केंद्रात शिफ्ट ड्युटी करतात. वर्षभरापासून चिडचिड, विसरभोळेपणा, तुटक झोप. ऑफिसच्या ग्रुपवर आलेलं ‘ब्रेन स्ट्रेस’ नावाचं पॅकेज त्यांनी घरी माणूस बोलावून करून घेतलं. रिपोर्टात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, २६.८ (छापील मर्यादा ५ ते २३), दाह दाखवणारं एचएस-सीआरपी ५.२, आणि मेंदूशी जोडली जाणारी दोन प्रथिनं : बीडीएनएफ कमी, एस-१००-बी किंचित जास्त. खाली लाल पट्टीत ‘मेंदूवर ताणाचा परिणाम : उच्च जोखीम’. ताई विचारतात, यांचा मेंदू खरंच आकसतोय का? एमआरआय करावा का? आणि तीन महिन्यांनी हीच तपासणी पुन्हा करायला सांगितली आहे, ती करावी का?

ताई, आधी उत्तर देऊन टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. या रिपोर्टावरून तुमच्या मिस्टरांच्या मेंदूबद्दल काहीच सांगता येत नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. त्यांच्या तक्रारी मात्र खऱ्या आहेत आणि त्यांचं काहीतरी करायलाच हवं, त्याकडे शेवटी येतो. मी धंतोलीत २७ वर्षं पॅथॉलॉजीची लॅब चालवतोय. मेंदूचा डॉक्टर नाही. पण तुमच्या हातातला कागद माझ्याच धंद्यातून निघालेला आहे आणि त्यावरचा आकडा कसा तयार होतो, वाटेत त्याचं काय काय होऊ शकतं, हे रोज पाहतो.

तुम्ही एक ओळ सहज लिहून गेलात : ‘हे नाइट करून सात वाजता घरी आले, रक्त घेणारा मुलगा आधीच येऊन बसला होता, लगेच सॅम्पल दिलं.’ माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच, आणि ती रिपोर्टात कुठेच नाही.

कॉर्टिसॉल दिवसभर एका पातळीवर राहत नाही. पहाटे चढायला लागतं, जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळतं, सकाळी आठच्या सुमारास भरात असतं आणि मग उतरत उतरत मध्यरात्री तळाला जातं. सकाळचा आणि मध्यरात्रीचा आकडा यांत कित्येक पटींचं अंतर. रिपोर्टावर छापलेली ‘५ ते २३’ ही मर्यादा रात्री झोपून सकाळी उठणाऱ्या माणसांच्या रक्तावरून ठरवलेली असते. रात्रभर कंट्रोल रूममध्ये जागलेला, ‘उपाशीपोटी द्यायचंय’ म्हणून पहाटेचा चहाही टाळलेला, रिंग रोडवरून गाडी हाणत आलेला माणूस त्या मर्यादेत बसवायचा तरी कसा? एक आठवडा नाइट, मग सेकंड, मग फर्स्ट. शरीराचं घड्याळ शिफ्टमागे अर्धवट फिरतं आणि पुरतं फिरायच्या आत ड्युटी बदललेली असते. वर सुईची धास्ती. काही जणांचं कॉर्टिसॉल तर सुईची वाट बघत बसल्यानंच चढतं.

दुसरी ओळ : ‘केस गळतात म्हणून गमी खातात.’ पाकिटामागं बायोटिन लिहिलंय का, बघा. बऱ्याच मशीनवर कॉर्टिसॉल, थायरॉइड मोजायच्या रसायनात बायोटिनचाच वापर केलेला असतो. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असलं की मशीन फसतं. कॉर्टिसॉल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि थायरॉइडसाठी मोजतात ते टीएसएच आहे त्यापेक्षा कमी. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आमच्याकडे मात्र काउंटरवर ‘गमी खाता का’ असं आजही क्वचितच कुणी विचारतं. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या काउंटरवरही विचारत नव्हते.

मे २०२४ आठवतो? ३० तारखेला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि तासाभरात तो आकडा देशभर फिरला. हवामान खात्यानं नंतर सांगितलं, सेन्सर बिघडला होता. त्या दिवशी नागपुरात ऊन नव्हतं असं कोण म्हणेल? जीव नकोसा झाला होता. पण ५६ नव्हते. तुमच्या मिस्टरांच्या २६.८ कडे मी तसंच पाहतो.

आता कुणी म्हणेल, मग ताणानं मेंदूत बदल होतात ही भानगडच खोटी का? अजिबात नाही. हान्स सेली यांनी १९३६ मध्ये उंदरांवरच्या कामातून दाखवलं, की छळ कुठल्याही प्रकारचा असो, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी फुगतात, छातीतली थायमस ग्रंथी आकसते, पोटात व्रण होतात. ‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकात रुजला तो त्यांच्यामुळं. १९६८ मध्ये ब्रूस मॅकिवेन यांनी दाखवलं, की अधिवृक्कातून येणारं कॉर्टिसॉलच्या जातीचं संप्रेरक थेट मेंदूत, हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन चिकटतं. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी जिथं पक्क्या होतात ती जागा. आणि आपल्याकडे बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटानं २००२ मध्ये जे काम केलं, ते तर मला या विषयातलं सगळ्यात विचार करायला लावणारं वाटतं. उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड झाल्या. पण अमिग्डालामध्ये, म्हणजे भीतीचं केंद्र म्हणतात तिथं, फांद्या उलट वाढल्या, दाट झाल्या. पुढं त्याच गटानं पाहिलं, की उंदरांना २१ दिवस निवांत ठेवलं तरी अमिग्डालातली ही वाढ मागे हटली नाही.

हे नीट डोळ्यासमोर आणा. एकाच मेंदूत, एकाच ताणानं, एके ठिकाणी छाटणी आणि चार बोटांवर रान माजलेलं. त्याचा एकच आकडा दंडातल्या रक्तात कसा उमटणार?

माणसांत याचा ठळक दाखला कुशिंगच्या आजाराचा आहे. त्यात एखाद्या गाठीमुळं कॉर्टिसॉल महिनोन्‌महिने भरमसाट असतं. मिशिगनमधल्या डॉक्टरांना या रुग्णांमध्ये हिप्पोकॅम्पस लहान झालेला दिसला (१९९२), आणि उपचारानं कॉर्टिसॉल खाली आल्यावर तो काही अंशी पुन्हा वाढलेलाही दिसला (१९९९). ‘आकसलेला मेंदू गेला तो गेला’ असं जे बोललं जातं, त्याला या दुसऱ्या गोष्टीनं तडा जातो. कुशिंगमध्ये चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उठतात, जरा लागलं की काळंनिळं होतं, उकिडवं बसलं की उठवत नाही. यांतलं काही असेल तर हार्मोनवाल्या डॉक्टरांकडे जा, ते त्यांच्या ठरलेल्या तपासण्या करतील. आणि सांधेदुखीच्या पुड्या कुठून आणून घेत असतील तर तेही सांगा, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं आणि मग कॉर्टिसॉलचा आकडा वर किंवा खाली, कुठंही जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, मला ती विशेष आवडते. व्हिएतनाम युद्धातून आघात घेऊन आलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान दिसायचा. सगळ्यांनी धरूनच ठेवलं की युद्धानं लहान केला. २००२ मध्ये गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी त्या सैनिकांचे जुळे भाऊ शोधले, जे लढाईवर गेलेच नव्हते. तर घरी बसलेल्या जुळ्याचाही हिप्पोकॅम्पस लहान! म्हणजे निदान काही अंशी तो आधीपासूनच तसा होता. म्हणून एका माणसाचं एकदाच काढलेलं चित्र बघून ‘ताणानं झालं’ म्हणणं धोक्याचं. एमआरआयबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आलं.

आता बीडीएनएफ. मेंदूतल्या पेशींना फांद्या फुटायला, टिकायला मदत करणारं हे प्रथिन. नैराश्यातल्या रुग्णांच्या सिरममध्ये (रक्त साखळल्यावर वर उरणाऱ्या द्रवात) ते कमी असतं असं जिनिव्हाच्या कारेग यांच्या गटानं २००२ मध्ये दाखवलं आणि नंतर इतर अनेकांना तसंच आढळलं. एवढं ऐकलं की कुणालाही वाटेल, मिळाली खूण! पण रक्तातलं बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेटमध्ये साठवलेलं असतं. रक्त साखळताना प्लेटलेट फुटतात आणि ते सिरममध्ये उतरतं. म्हणजे लाल टोपीच्या ट्यूबमध्ये, जिथं रक्त साखळू देतात, तिथला आकडा एक, आणि जांभळ्या टोपीच्या ट्यूबमधल्या प्लाझ्माचा, म्हणजे न साखळलेल्या रक्तातल्या द्रवाचा, आकडा त्याच्या कित्येक पटींनी कमी. ट्यूब मशीनवर फिरवायच्या आधी वीस मिनिटं ठेवली की तासभर, यानंही फरक. २००५ मध्ये कारेग यांच्याच गटानं पुन्हा तपासलं, तर रुग्णांच्या अख्ख्या रक्तातलं बीडीएनएफ इतरांइतकंच निघालं. प्लेटलेट ते सोडतच कमी होत्या. ज्याला मेंदूची खूण समजत होते ती बऱ्याच अंशी प्लेटलेटची गोष्ट ठरली. तुमच्या घरून सव्वासातला घेतलेली ट्यूब कुठल्या टोपीची होती, किती वाजता फिरवली, याची नोंद रिपोर्टात आहे का? नसणार. मग ‘कमी’ कशापेक्षा कमी?

यावरून माझीच एक फजिती सांगतो. लॅब सुरू करून चार-पाच वर्षं झाली असतील. मे महिना. एका फिजिशियन मित्रानं एका बाईंचं एनएसई मोजायला सांगितलं. हेही ‘मेंदूचं’ म्हणून ओळखलं जाणारं प्रथिन. हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या रुग्णात मेंदूला किती इजा झाली असेल, याचा अंदाज घ्यायला इतर गोष्टींच्या जोडीनं अजूनही वापरतात. तेव्हा आमच्याकडे ती सोय नव्हती, सॅम्पल मुंबईला जायचं. आमचा मुलगा उमरेड रोडवरच्या कलेक्शन सेंटरवरून दुपारी दोनला निघाला. पेटी गाडीच्या डिकीत. वाटेत पंक्चर. पोचला तेव्हा साडेतीन. मी पेटी उघडली तर आत कोमट पाणी. ‘बरफ तर केव्हाचाच वितळला जी सर,’ म्हणाला. सिरम वेगळं केलं तर ते फिकट पिवळं असायच्या ऐवजी गुलाबी, रूह अफजासारखं. तांबड्या पेशी फुटल्या होत्या. नियमानं ते फेकून दुसरं सॅम्पल मागवायला हवं होतं. बाई लांबून येणाऱ्या, पुन्हा टोचायचं, शिवाय शनिवार. मी पाठवून दिलं.

एनएसई चांगलंच वाढलेलं आलं. मित्रानं सीटी केला, घरचे हादरले, बाईंच्या मुलानं पुण्याहून रजा टाकली. नंतर मी पुस्तक उघडलं. एनएसई चेतापेशीत असतं, तसंच धडधडीत तांबड्या पेशींतही असतं. सॅम्पलमधल्या तांबड्या पेशी फुटल्या तर ते वाढलेलंच दिसणार. दुसरं सॅम्पल बर्फात आलं, आकडा मर्यादेत. त्या बाईंच्या डोक्यात काही नव्हतं. जे होतं ते माझ्या डिकीत होतं. तेव्हापासून गुलाबी सिरम दिसलं की मी रिपोर्टच देत नाही. मग पेशंट कुणाच्याही ओळखीचा असो.

एस-१००-बीचं निराळं नाही. मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींत ते असतं, हे खरं. पण चरबीच्या पेशींतही असतं, त्वचेला रंग देणाऱ्या पेशींतही असतं, इतकं की मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरचा माग काढायलाही ते मोजतात. जोरात व्यायाम केला तरी वाढतं. वजन जास्त असलं तरी थोडं वर असू शकतं. ‘किंचित जास्त’ या दोन शब्दांत यांतलं काहीही मावेल.

सीआरपी ५.२ बद्दल मात्र दोन शब्द बरे बोलतो. तुम्ही लिहिलंय की दाढेला पंधरा दिवसांपासून सूज आहे, डेंटिस्टकडे जायचं राहून गेलं. मग सीआरपी वाढणारच. यकृत ते तयार करतं, शरीरात कुठंही दाह असला की. दाढ, फुप्फुस, पोटाची चरबी, काहीही. तरी नैराश्याच्या संशोधनात सीआरपीला खरंच वजन आहे. २०१३ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर एक चाचणी झाली होती. त्यांना संधिवातात देतात ते इन्फ्लिक्सिमॅब दिलं. सगळ्यांना मिळून पाहिलं तर काही उपयोग नाही. पण ज्यांचं सीआरपी सुरुवातीला ५ च्या वर होतं त्यांच्यात सुधारणेची चिन्हं दिसली. म्हणजे पुढेमागे ‘कुणाला कुठलं औषध’ हे ठरवायला अशा तपासणीचा उपयोग होऊ शकेल. ‘मेंदूला किती इजा’ हे ती सांगत नाही.

मानसोपचारवाले या बाबतीत एकदा पोळलेत, म्हणून ते आमच्या असल्या पॅकेजवर फारसे भाळत नाहीत. १९८१ मध्ये बर्नार्ड कॅरोल आणि सहकाऱ्यांनी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची तपासणी पुढं आणली. रात्री १ मिलिग्रॅमची गोळी, दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल. निरोगी माणसाचं दबतं, तीव्र नैराश्यात दबत नाही. त्यांच्या आकड्यांत, ज्यांना असं नैराश्य नाही त्यांना बरोबर वेगळं काढण्यातली अचूकता ९६ टक्के होती! नैराश्याची लॅब टेस्ट मिळाली असं सगळ्यांना वाटलं. मग जगभर लोक ती करायला लागले आणि कळलं, वजन घटलेल्या माणसात दबत नाही, दारू पिणाऱ्यात दबत नाही, स्मृतिभ्रंशात दबत नाही, नुसतं आजारी पडून अॅडमिट झालेल्यातही कधी कधी दबत नाही. आज ती तपासणी आम्ही जरूर करतो, पण कुशिंग ओळखायला.

मग रक्तावरून मेंदूचं काही कळतच नाही का? कळतं, आणि अलीकडे फार सुरेख कळायला लागलंय. डोक्याला मार लागल्यावर जीएफएपी आणि यूसीएच-एल-१ ही दोन प्रथिनं मोजून सीटीची गरज आहे का हे ठरवायच्या तपासणीला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. अल्झायमरसाठी पी-टाऊ-२१७ आणि अमिलॉइड या दोन प्रथिनांच्या गुणोत्तराच्या रक्ततपासणीला मे २०२५ मध्ये मिळाली, तीही वय ५५ आणि त्यापुढच्या, विसरण्याची लक्षणं असलेल्या माणसांसाठी. न्यूरोफिलामेंट लाइट नावाचं प्रथिन चेतातंतू तुटले की रक्तात वाढतं. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारांत त्याचा चांगला उपयोग होतो. मजा अशी, की नुसतं नैराश्य किंवा ताण असेल तर ते सहसा वाढत नाही. म्हणूनच पन्नाशीतल्या माणसाचं वागणं अचानक बदललं, तर हा मानसिक आजार की मेंदूच्या पुढच्या भागाची झीज, हे वेगळं करायला त्याचा आधार घेता येतो.

या सगळ्यांत काय सारखं आहे बघा. काहीतरी फुटतं, तुटतं किंवा गाळ होऊन साचतं, आणि त्याचा चुरा रक्तात येतो. पाइप फुटला तर रस्त्यावर पाणी दिसेल. ताणामध्ये पेशी फुटत नाही. ती फांद्या आवरून घेते किंवा नको तिथं वाढवते. जिवंत पेशी स्वतःची ठेवण बदलते त्याचा चुरा पडत नाही, मग रक्तात काय सापडणार? माझ्या मते सगळी मेख इथं आहे, आणि पॅकेज विकणारे हीच गोष्ट सांगत नाहीत.

उलट दिशेनं मात्र काही हाती लागतंय, म्हणजे रक्तातून मेंदूकडे. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या गटानं उंदरांत दाखवलं, की सततच्या दादागिरीच्या ताणानं मेंदू आणि रक्त यांच्यातल्या भिंतीचं क्लॉडिन-५ हे सांधणारं प्रथिन कमी होतं आणि भिंत गळायला लागते. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं, की ताणात पांढऱ्या पेशींतून एमएमपी-८ नावाचं विकर वाढतं, ते मेंदूत शिरून पेशींभोवतीचं जाळं बदलतं आणि उंदीर एकलकोंडे होतात. नैराश्याच्या रुग्णांच्या रक्तातही ते वाढलेलं सापडलं. मला यात खरी उमेद वाटते. पण ही सगळी गटांची तुलना आहे. शंभर आजारी आणि शंभर निरोगी यांची सरासरी वेगळी निघाली, तरी दोन्ही ढिगांचा बराच भाग एकमेकांवर चढलेला असतो. त्या चढलेल्या भागात तुमचे मिस्टर आहेत का, हे सरासरी सांगत नाही. मधल्या काळात ‘रक्तातून थेट चेतापेशींचे कण वेगळे काढतो’ म्हणणाऱ्या तपासण्यांचीही हवा होती. ज्या प्रथिनाच्या खुणेवर ते कण धरायचे, ते एल-१-कॅम प्लाझ्मामध्ये त्या कणांवर मुळी बसलेलंच नसतं, असं २०२१ मध्ये दाखवलं गेलं. झालं!

हे पॅकेज मिस्टरांच्या ग्रुपवर फिरतंय म्हणून एक हिशेब मांडतो, त्यांनाही दाखवा. समजा एक हजार कामगार, त्यांतल्या शंभरांना खरंच नैराश्य आहे. आणि समजा एक तपासणी आजाऱ्यांतले ८० टक्के पकडते आणि निरोग्यांतल्या ८० टक्क्यांना बरोबर निरोगी म्हणते. (इतकी चांगली रक्ततपासणी आज नाही, पण समजू.) शंभरांतले ८० सापडले, २० सुटले. उरलेल्या ९०० निरोग्यांतले १८० उगाच लाल पट्टीत आले. म्हणजे लाल पट्टीवाले २६०, त्यांतले खरे ८०. तीन जणांना घाबरवलं तर त्यातला जेमतेम एक आजारी, आणि ज्या वीस जणांना हिरवी पट्टी मिळाली ते ‘मला काही नाही’ म्हणत घरी बसले. मला या वीसांची जास्त काळजी वाटते. तसंच, निरोगी माणसाच्या रक्तावर एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर निदान एक तरी मर्यादेबाहेर यायची शक्यता ६४ टक्के असते. मर्यादा ठरवण्याची रीतच तशी आहे. आणि हे रिपोर्ट ऑफिसला पाठवू नका. मानसिक आरोग्याच्या माहितीची गुप्तता हा २०१७ च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे. शिफ्ट इन्चार्जच्या टेबलावर असली लाल पट्टी पडायचं काही कारण नाही.

आता करायचं काय. तक्रारी वर्षभराच्या आहेत, म्हणून टाळू नका. रक्ताच्या ज्या तपासण्या इथं खरंच कामाच्या आहेत त्या जुन्या, स्वस्त आणि कंटाळवाण्या आहेत : हिमोग्राम, टीएसएच, बी-१२, एचबीए-१-सी, क्रिएटिनिन. घरी शाकाहार आहे आणि ते रोज सकाळी गॅसची गोळी घेतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून बी-१२ वर माझा पहिला डोळा आहे. गॅसच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की बी-१२ नीट शोषलं जात नाही, मधुमेहाच्या मेटफॉर्मिननंही तसंच होतं, आणि बी-१२ कमी असलं की माणूस विसरतो, चिडतो, पायाला मुंग्या येतात. इंजेक्शनं दिली की बरेच जण सुधारतात. माझ्या टेबलावर असे ‘टेन्शनवाले’ दर महिन्याला येतात.

घोरतात का? झोपेत श्वास अडकल्यासारखा होऊन दचकतात का? हे त्यांना माहीत नसणार, तुम्हालाच सांगावं लागेल. तसं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. नाइटनंतर दिवसा झोपतात त्या खोलीला जाड पडदे आहेत का? उन्हाळ्यात दुपारी कूलर लावूनही नागपुरात झोप लागणं मुश्कील, ते वेगळं.

आणि मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटा. मेडिकल, मेयो, एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत ओपीडी आहे, खासगीत धंतोली-रामदासपेठेत बरेच जण आहेत. तिथं पीएचक्यू-९ म्हणून नऊ प्रश्नांचा एक कागद देतात, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचा. पाच मिनिटं लागतात, टोचावं लागत नाही, आणि तुमच्या पॅकेजपेक्षा तो कितीतरी जास्त सांगतो. त्यातला नववा प्रश्न स्वतःला संपवण्याच्या विचारांचा असतो. तसं काही ते बोलले असतील, अगदी थट्टेत का होईना, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

एमआरआय आत्ता नको. आकडी, एका बाजूचा अशक्तपणा, बोलताना शब्द अडखळणं, नव्यानं सुरू झालेली आणि वाढत जाणारी डोकेदुखी, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, यांतलं काही दिसलं तर सरळ न्यूरोलॉजिस्टकडे जा. मग एमआरआय करायचा की नाही ते तेच सांगतील.

ते पॅकेज तीन महिन्यांनी पुन्हा करू नका. त्या पैशांत दाढ होईल. दाढ बरी झाली की दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा सीआरपी बघा, दोन्हींची सरासरी धरा. टीएसएच, बी-१२ साठी सॅम्पल सलग दोन रात्री घरी झोपल्यावर, साप्ताहिक सुटीच्या सकाळी द्या, आणि त्याआधी किमान तीन दिवस गमी बंद. रक्त घ्यायला घरी येणाऱ्या मुलाला मात्र एवढं नक्की विचारा, की पेटीत बर्फ आहे का. आणि आहे म्हणाला तरी झाकण उघडून दाखवायला सांगा.